टाकीत पडलेली शिसपेन्सिल

"काका, दहाच पट्ट्या आहेत. जपून वापरा," असं मेघाली मला म्हणाली. हे तिनं सांगायला नको होतं. जपून वापरायची म्हणून आलेली वस्तू आमच्या घरात आठवड्याच्या आत संपते, आणि हा लौकिक माझ्या वडिलांपासून चालत आलेला आहे.

मेघाली माझ्या धाकट्या भावाची मुलगी. ठाण्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. पाण्यातले विषारी धातू ओळखणारं एक स्वस्तातलं यंत्र तिनं आणि तिच्या विद्यार्थ्यांनी मिळून बनवलंय. यंत्र म्हणजे साबणाच्या वडीएवढी डबी. तिची वायर मोबाइलला लावायची, फटीत कागदाची पट्टी सरकवायची, पट्टीवर पाण्याचा थेंब टाकायचा आणि तीन मिनिटं गप्प बसायचं. मग मोबाइलवर आकडा येतो. सध्या ती डबी फक्त शिसं ओळखते. आकडा दहाच्या आत आला तर ठीक, वर गेला तर पाणी पिऊ नये. दहा म्हणजे नेमकं किती, असं मी विचारलं तर ती म्हणाली, "टँकरभर पाण्यात अर्धी चिमूट." कॉलेजात यंत्र चालतं हे तिला ठाऊक होतं. साध्या माणसाच्या हातात चालतं का, हे तिला बघायचं होतं. त्या साध्या माणसाच्या जागी तिनं मला नेमलं, याचं मला थोडं वाईट वाटलं.

पण मला राहवेना. स्वभावच तसा आहे, एखादी गोष्ट मला कळलीच पाहिजे. लूमवर चढवण्याआधी सुताला खळ लावतात, त्या सायझिंगच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं हेडक्लार्क होतो. खळीत काय काय घालतात ते मालकाला माहीत नसेल, पण मला माहीत होतं. कोणी विचारलं नाही, ही गोष्ट वेगळी.

मेघाली जिना उतरली तशी मी स्वयंपाकघरात गेलो, पेला भरून घेतला आणि पहिली पट्टी लावली. तीन मिनिटांनी आकडा आला, अठ्ठावन्न. दुसरी पट्टी लावली. एकसष्ट.

मी बायकोला हाक मारली. रंजिता भेंडी चिरत होती. मोबाइलकडे बघून म्हणाली, "कसले मार्क आहेत?"

"मार्क नाहीत. आपल्या पिण्याच्या पाण्यात जड धातू आहे."

"जडच आहे पाणी आपलं. डाळ शिजायला पाच शिट्ट्या लागतात," असं म्हणून ती पुन्हा भेंडीकडे वळली.

हा 'जड' शब्द पुढे मला फार महागात पडला. कारण दुपारपर्यंत मी ही बातमी आमच्या आनंदसागर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घातली, "पाण्यात जड धातू सापडला आहे, सावध राहा," आणि खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, भरत तरे, फ्लॅट नंबर नऊ. संध्याकाळी सेक्रेटरी सुभाष केणे वजनकाटा घेऊन दारात हजर.

केणे कशेळीच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर वजन केल्यावर मिळतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी एका पारड्यात आमच्या टाकीच्या पाण्याची लिटरची बाटली ठेवली, मग विकतच्या पाण्याची. टाकीचं पाणी सात ग्रॅमनी जास्त भरलं. केण्यांनी सगळ्यांकडे अशा नजरेनं बघितलं, की मी बोलायच्या आधीच निकाल लागला होता. विकतच्या बाटलीला झाकण नव्हतं, हे मी दोनदा सांगितलं. जमलेल्या चौदा माणसांपैकी एकानंही ऐकलं नाही.

तळमजल्यावरच्या हेमालीताई म्हणाल्या, "तरीच माझे गुडघे दुखतात."

आता शहाणा माणूस असता तर त्यानं उरलेल्या पट्ट्या घेऊन घराघरातलं पाणी तपासलं असतं. मीही तेच करायला निघालो होतो. पण हेमालीताईंनी दारातच हात आडवा लावला. "आमचं नको, काका. फ्लॅट विकायला काढलाय. आकडा वाईट आला तर गिऱ्हाईक फिरकायचं नाही." वरच्या मजल्यावर पाहुणे यायचे होते. शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि पाण्यातल्या धातूचा सोयरिकीशी काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विष सगळ्यांच्या घरात असावं, पण आकडा एकट्या तऱ्यांच्या घरात असावा, असं सर्वांचं मत पडलं.

मग त्या पट्ट्यांचं काय झालं ते सांगायला लाज वाटते. एक विकतच्या पाण्यावर गेली, एकचा आकडा आला. एक मी चहात बुडवली, कारण मला कळायला हवं होतं. त्यावर डबीनं 'चूक' असं सांगितलं. एक सोलकढीत गेली. एक मी गणेशपुरीच्या कुंडाच्या पाण्यासाठी पाकिटातून काढली, तर रंजितानं बाटलीच हिसकावून घेतली. "देवाच्या पाण्याची परीक्षा घेतात का?" तोवर पट्टीला हवा लागून ती फुकट गेली. एकीवर लोणच्याचं बोट लागलं. आणि एक केण्यांनी हातात घेऊन, उलटसुलट बघून, जिभेला लावली.

"तुरट आहे," ते म्हणाले.

उरल्या दोन. त्या मी पासबुकाच्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्या.

दरम्यान मी पाण्याच्या ऑफिसातही जाऊन आलो. तिथल्या तक्रारीच्या अर्जावर खुणा करायला चौकोन होते: पाणी गढूळ, पाण्याला वास, दाब कमी, पाणी येतच नाही. जड धातूला चौकोन नव्हता. खिडकीतल्या बाईंनी शांतपणे 'इतर' वर बोट ठेवलं. मग विचारलं, "नमुना कुठून घेतला?"

"स्वयंपाकघरातून."

"नळाचा की साठवणीचा?"

आता भर खिडकीत, मागे आठ माणसं उभी असताना, एकतीस वर्षं हेडक्लार्क राहिलेल्या माणसाला हे विचारायचं म्हणजे काय. मी म्हटलं, "पाण्याचा." बाईंनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. त्यांनी आणखी एकदा विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण मी असा चेहरा केला होता, की दुसऱ्यांदा विचारायची कोणाची छाती झाली नसती.

रविवारी केण्यांनी गेटापाशी तातडीची सभा बोलावली. मी उभा राहून समजावून सांगितलं, की जड म्हणजे वजनाला जड नव्हे. जड धातू म्हणजे शिसं. शिसं पोटात गेलं की मेंदूवर आणि हाडांवर परिणाम होतो, लहान मुलांवर तर फारच.

"शिसं म्हणजे," केणे म्हणाले, "शिसपेन्सिलीत असतं ते?"

लोक पहिल्यांदाच माझं ऐकत होते. ओघात मी म्हणून गेलो, "तेच ते."

आणि चौदाच्या चौदा माना एकाच दिशेला वळल्या. तिथे मोरू उभा होता.

मोरू आमचा वॉचमन, आणि पाणी सोडणाराही तोच. गणेशपुरीच्या पलीकडे डोंगरात त्याचा पाडा आहे. गेटाजवळच्या खोलीत तो, त्याची बायको गुणाबाई आणि मुलगी सखी राहतात. सखी यंदा दहावीला आहे, आणि पाड्यावरून दहावीची शाळा किती लांब पडते ते मोरूनं मला एकदा चालण्याच्या हिशेबात सांगितलं होतं. पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं, हे तो पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर लिहितो. त्यासाठी एक चपटी, लाल, सुताराची पेन्सिल त्याच्या कानावर कायम असते.

"मोरू," केण्यांनी आवाज खाली आणला, "ही पेन्सिल कधी टाकीत पडली होती?"

दुसरा कोणी असता तर नाही म्हणाला असता. मोरू खरं बोलतो, आणि ही त्याची मोठी अडचण आहे.

"हां, पडली व्हती की. टाकी धुतली ना, तवा. दुसऱ्या दिशी काढली."

"म्हणजे पेन्सिल दिवसभर पाण्यात होती," केणे म्हणाले.

केण्यांनी ती पेन्सिल रुमालात धरून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी फाइलीला टाचली. पुढच्या रविवारी मोरूला काढायचा ठराव करायचा, दुसरा माणूस एजन्सीकडून घ्यायचा, असं ठरलं. नोकरी गेली की खोलीही जाणार होती. मोरूनं रिकाम्या कानाला हात लावला आणि मोटर बंद करायला गेला.

घरी येऊन मी मेघालीला फोन केला. अभिमानानंच केला, कारण छडा लागला होता.

ती म्हणाली, "काका, शिसपेन्सिलीत शिसं नसतं."

"नसतं म्हणजे? नावातच आहे."

"नावातच आहे. आत ग्राफाइट असतं, म्हणजे एक प्रकारचा कार्बन. माझ्या पट्टीवरच्या काळ्या रेघाही त्याच जातीच्या आहेत. पेन्सिल वर्षभर टाकीत ठेवलीत तरी आकडा हलणार नाही. आणि काका, आकडा साठच्या घरात आलाय तर ते पाणी प्यायचं आधी बंद करा. उद्या रक्त तपासून घ्या."

मी खुर्चीत बसलो. वयाची साठ वर्षं मी शिसपेन्सिलीत शिसं असल्याच्या भरवशावर काढली होती. बाहेर त्या एका शब्दानं सोसायटीत धुमाकूळ घातला होता. घराघरातून पेन्सिली कचऱ्यात पडत होत्या. हेमालीताईंच्या नातवंडांना आठवडाभर गृहपाठ नव्हता, आणि ती मला जिन्यात वाकून नमस्कार करत. गुणाबाईनं कचऱ्याच्या डब्यातून पिशवीभर पेन्सिली वेचल्या. मला म्हणाली, "सखीला वरीसभर पुरतील. जिथं जाऊ तिथं."

ते शेवटचे तीन शब्द मला लागले.

मी केण्यांकडे गेलो आणि पेन्सिलीत शिसं नसतं ते सांगितलं. केणे म्हणाले, "मग कशात आहे?" मला सांगता येईना. "तरेसाहेब, तुम्हीच म्हणालात विष आहे, तुम्हीच म्हणालात पेन्सिलीत आहे. आता तुम्हीच म्हणताय नाही. आम्ही किती वेळा घाबरायचं? विष आहे ना? मग टाकी ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची." चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर त्यासाठी चोर कोण हे माहीत नसलं तरी चालतं.

सभेच्या दिवशी सकाळी मी गेटावर गेलो. मोरू बाजल्याचे दोर सोडत होता. खोली आवरायला त्यानं सुरुवात केली होती. मी म्हटलं, "मोरू, तुझी चूक नाही हे मला माहीत आहे. पण शिसं आलं कुठून ते मला सापडत नाही."

त्यानं दोर बाजूला ठेवला. "साहेब, तुमी सुरवातच खालून केली."

"म्हणजे?"

"आमच्या पाड्यावर पाणी बिघडलं का आमी झऱ्यावर जाताव. तिथून चालत चालत खाली येताव, दर टप्प्याला चाखीत. जिथं चव फिरली तिथं घाण. तुमी तं एकदम पेल्यातच बघितलं."

मी दोन पट्ट्या घेऊन आलो. दोघं गच्चीवर गेलो. मोरूनं टाकीचं झाकण उघडलं, मी थेंब टाकला आणि आम्ही तीन मिनिटं पाण्याकडे बघत उभे राहिलो. खालच्या गल्लीत लूमचा खडखडाट चालू होता. आकडा आला, दोन.

इतका आनंद मला नातू झाला तेव्हाही झाला नव्हता. मी मोरूला मिठी मारणार होतो, पण तो तोवर जिन्यावरून खाली निघाला होता. पाण्याच्या मागोमाग, पाइपाच्या बाजूनं. तो आमच्या स्वयंपाकघरात येऊन थांबला आणि नळाकडे बोट दाखवून म्हणाला, "आता हितं." मी शेवटची पट्टी लावली. रंजिताही पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. नळाचा आकडा आला, तीन.

"मग तुमी पेला कुठून भरला व्हता?" मोरूनं विचारलं.

मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपऱ्यात आमचं पितळी पिंप होतं. खाली तोटी, वर झाकण, माझ्या आजोबांचं नाव कोरलेलं. आयुष्यभर मी फक्त त्याच पिंपातलं पाणी प्यायलो. प्लॅस्टिकच्या बाटल्यांतून पिणाऱ्या शेजाऱ्यांना मी त्या पिंपावरून पुष्कळ व्याख्यानं दिली आहेत. मोरू दुपारी वर आला की त्यालाही मी मुद्दाम त्यातलंच पाणी द्यायचो.

मोरूनं झाकण काढून आत डोकावलं. "झकास चमकतंय."

"चमकणारच," रंजिता म्हणाली. "पाडव्याला यांनी निजामपुऱ्यात नेऊन आतून कल्हई करून आणली."

आणि मला तो कल्हईवाला आठवला. भट्टीपाशी बसलेला, पांढऱ्या दाढीचा. पिंप हातात घेऊन त्यानं मला सरळ विचारलं होतं, "चाचा, राँगा असली लगाऊँ या चालू?" म्हणजे शुद्ध कथील की भेसळीचं. आणि मी, शब्दावर कोटी केल्याशिवाय ज्याला राहवत नाही असा माणूस, म्हणालो होतो, "चालूच दे बाबा. बंद पडलेलं घेऊन काय करू?" त्यावर मी एकटाच हसलो होतो. त्यानं खांदे उडवून विचारलं, "पक्का?" मी म्हटलं, "पक्का." त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. विचारून काम करणारा माणूस होता तो.

"चालूमध्ये शिसं घालतात," मी म्हणालो.

"मी म्हटलं होतं तुम्हाला, चव बदलली," रंजिता म्हणाली. "पाडव्यापासून मी माठातलं पिते. तुम्ही म्हणालात, तुला जुन्या वस्तूची कदर नाही."

मोरू अवघडून म्हणाला, "मलापन वाटायचं, तुमचं पाणी जड हाय. पन बोलनार कसं. मायेनं देत व्हता."

रंजितानं पिंपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. ही म्हण इतकी शब्दशः कोणाला लागू पडली नसेल.

सभेला अर्धा तास होता. रंजिता मला हळूच म्हणाली, "यंत्र बिघडलं होतं म्हणून सांगा. मोरूही वाचेल, तुम्हीही." मी खोटं सांगणार नाही, मी विचार केला. चांगला दहा मिनिटं केला. त्यात सगळं बसत होतं. मोरूची खोली राहत होती, माझं नाव राहत होतं. फक्त मेघालीची डबी खोटी ठरत होती, आणि त्या सबंध प्रकरणात सुरुवातीपासून खरं बोलणारे दोघंच होते, ती डबी आणि मोरू. मला स्वतःची लाज वाटली.

मी पिंपाचं पाणी ओतून टाकलं आणि रिकामं पिंप दोन्ही हातांनी उचलून खाली गेलो. सभा भरली होती. पिंप मी टेबलावर ठेवलं आणि उभा राहिलो. टाकीचा आकडा सांगितला, नळाचा सांगितला, पिंपाचा सांगितला. कल्हईवाला सांगितला. कोटीही सांगितली. तिथेही कोणी हसलं नाही.

"म्हणजे विष सोसायटीत नव्हतंच," केणे सावकाश म्हणाले. "फक्त तुमच्या घरात होतं."

"हो."

"आणि आम्ही पेन्सिली फेकल्या."

"हो. पेन्सिलीत शिसं असतं असं मी म्हणालो. ते मला माहीत नव्हतं. चूक माझी आहे. मोरूची टाकी तुमच्या माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे."

आता मात्र सगळे हसले. हेमालीताई तर डोळे पुसायला लागल्या. त्या हसण्यातून मान वर करून उभं राहणं मला जड गेलं, पण उभा राहिलो. मोरू गेटाच्या कडेला होता. त्याच्या मागे गुणाबाई, हातात बाजल्याचा सोडलेला दोर. ती बाजलं पुन्हा विणायला खोलीकडे वळली.

केणे गंभीर झाले. सेक्रेटरी म्हणून त्यांना ते लवकर जमतं. "सर्वानुमते ठराव," ते म्हणाले. "मोरूला कामावर कायम ठेवण्यात येत आहे. पाण्यात आढळलेला जड धातू श्री. भरत तरे यांच्या खाजगी पिंपातील असल्याचं त्यांनी मान्य केलं. लिहून घ्या."

लिहायला बसलेल्या माणसाचं पेन उमटेना. त्यानं झटकलं, जिभेला लावलं, पुन्हा झटकलं. केण्यांनी खिसे चाचपले. कोणाकडेच काही नव्हतं. एरवी सोसायटीतल्या कुठल्याही घरात हाक मारली असती तर पेन्सिल मिळाली असती, पण त्या आठवड्यात आनंदसागरच्या एकाही घरात पेन्सिल शिल्लक नव्हती.

मोरू पुढे आला. त्यानं फाइलीला टाचलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बोट केलं.

"ती काढा की, साहेब," तो म्हणाला. "टाकीत धुतलेली हाय."